पोकलेनचे तास

पैसे भरून उन्हात चालायचं, वर टिकाव-घमेल्याशी झटायचं, याला आमच्या ऑफिसात कोणी समाजकार्य म्हणायला तयार नव्हतं. "वजन कमी करायचंय तर सरळ सांग ना," असं एकीनं तोंडावर सांगितलं. मी तिच्याकडूनच पहिली वर्गणी काढली. पैसे मागितले नाहीत, तास मागितला. पोकलेन तासाला बारा-पंधरा लिटर डिझेल पितं आणि 2018 च्या त्या एप्रिलमध्ये डिझेल सत्तर रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे तासाला हजार रुपये, ढोबळमानानं. "मला तुझा एक तास दे," म्हटलं की माणूस आधी गोंधळतो, मग हसतो आणि मग देतो. नुसतं "देणगी द्या" म्हटलं तर तोच माणूस मीटिंगमध्ये असतो. आमच्या मावशीनं दीड तास दिला आणि वर बजावलं, "माझ्या दीड तासात कुठला खड्डा झाला ते बघून ये."

पानी फाउंडेशनच्या 'सत्यमेव जयते वॉटर कप'चं ते तिसरं वर्ष. 2016 मध्ये गावांनी पाणी अडवायची ही स्पर्धा सुरू झाली तेव्हा ती तीनच तालुक्यांत होती, वरुड, अंबाजोगाई आणि सातारा जिल्ह्यातला आमचा कोरेगाव. 116 गावं उतरली आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळूनं पहिला नंबर काढून 50 लाखांचं बक्षीस नेलं. 2018 पर्यंत स्पर्धा 75 तालुक्यांत पोचली होती. भारतीय जैन संघटना गावांना मशीन फुकट देत होती, पण मशीन डिझेलशिवाय हलत नाही. सरकारकडून मिळणारी रक्कम कामाच्या मानानं पुरत नसे. म्हणून आम्ही ओळखीच्या मंडळींनी ठरवलं की प्रत्येकानं डिझेलचे तास गोळा करायचे, कल्याणगडापासून डोंगरकडेच्या वाड्या-वस्त्यांतून चालत जायचं आणि 1 मेच्या महाश्रमदानाला एका गावात पोचायचं. त्या गावाचं नाव लिहीत नाही. पुढं तिथल्या भांडणांबद्दल लिहायचं आहे.

सातारारोडच्या पाडळीत एसटीतून उतरलो. आमच्यातल्या पुण्याच्या पोरांना हे नाव म्हणजे बसची पाटी. त्यांना सांगितलं की इथं धनजीशा कूपरांचा कारखाना. लोखंडी नांगर आणि पुढं डिझेल इंजिनं इथून बाहेर पडायची. हेच कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते. तेव्हा मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. मोट सुटली आणि विहिरीवर इंजिन बसलं, तो बदल घडवणाऱ्यांत पाडळीचं नाव आहे. इंजिनानं पाणी वर काढायला डिझेल लागलं आणि आता पाणी खाली घालायलाही डिझेलच लागत होतं. पोरांना यात फार गंमत वाटली नाही, मला वाटली.

नांदगिरीच्या बाजूनं कल्याणगड चढलो. गडाचं जुनं नावही नांदगिरीच. वर एक भुयार आहे. आत शिरायचं तर चपला काढून पाण्यातून जावं लागतं. एप्रिलअखेरीसही पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि इतकं गार, की बाहेरच्या उन्हात भाजलेले तळवे क्षणभर बधिर झाले. टॉर्चच्या उजेडात चाचपडत शेवटाला पोचलं की पार्श्वनाथ आणि दत्तात्रेयाच्या मूर्ती. जैन आणि दत्तभक्त एकाच पाण्यातून एकाच अंधारात दर्शनाला येतात. बाहेर येऊन कठड्याशी उभं राहिलं की समोर जरंडेश्वर, पलीकडं चंदन-वंदन, आणि खाली मैलोन् मैल खाकी रंग. गडाच्या पोटात पाणी आणि पायथ्याच्या विहिरीत गाळ. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ढग डोंगराच्या त्या अंगाला रिकामे होतात आणि कोरेगावात पोचेतो हजार मिलिमीटरचीही मारामार. खटाव-माणकडं तर त्याहून कमी.

वाटेतल्या वाड्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऊन होतं, ताक होतं, कुत्री होती. एका वस्तीवर म्हातारबा म्हणाले, "वारी आखाडात असती, तुमी वैशाखातच निगालासा?" त्यांना वॉटर कपाचं सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या हितं न्हाय ते. आमच्यात कुनी एक हून ऱ्हात न्हाय."

मुक्कामाच्या गावातही कोणी एक होऊन राहत नव्हतं. ते आम्हाला रात्रीच्या जेवणालाच कळलं. पंगत शाळेत होती, पण भाकऱ्या दोन ठिकाणांहून आल्या. वरच्या आळीच्या वेगळ्या टोपल्यात, खालच्या आळीच्या वेगळ्या टोपल्यात. वाढणाऱ्या बायका एकमेकींशी गोड बोलत होत्या, इतकं गोड, की संशय यावा. सोसायटीच्या निवडणुकीपासून गावात दोन तट. एकाच घराण्यातले चुलत भाऊ समोरासमोर. वाघ्या घेवड्याची आमटी मात्र दोन्ही आळ्यांची सारखीच झणझणीत होती. हा घेवडा कोरेगावचा खास, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तो पुण्यात राजम्याच्या नावानं खाल्ला तर चव निम्मी होते असं माझं मत आहे.

मी आत चुलीपाशी गेले. तीस जणांच्या भाकऱ्या थापणारी आक्का दिवसभर डोंगरावर चर खणून आली होती. "आक्का, आम्ही आमचं काहीतरी बांधून आणलं असतं," म्हटलं तर ती म्हणाली, "आनलं असतं तर बरंच झालं असतं की. पर लोक काय म्हंतील?" इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. अशा पदयात्रांचा हा हिशोब कोणी मांडत नाही. पाहुणे सकाळी दोन तास टिकाव मारणार, आणि त्यांच्या पंगतीसाठी गावातल्या बायका त्याहून जास्त वेळ चुलीपुढं बसणार. दुसऱ्या दिवसापासून जेवणाचं साहित्य आमचं आणि पीठ मळायला आमचीच माणसं, असं ठरवलं. पुरुषमंडळींच्या भाकरीचे नकाशे झाले, ते त्यांनीच खाल्ले.

1 मेला पहाटे पाचलाच डोंगराशी गेलो. गावातून पाच जण प्रशिक्षण घेऊन आले होते. त्यांच्यातल्या एकानं सांगितलेलं गणित डोक्यात राहिलं. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की 10,000 लिटर पाणी होतं. ते पळून जाण्याआधी माथ्यावरच अडवायचं, मग उतारावर, मग ओढ्यात. उलट केलं, आधी ओढ्यात बंधारा घातला, तर पहिल्याच वळवाच्या पावसात वरचा मुरूम येऊन तो भरून जातो. मशीन तीव्र उतारावर चढत नाही, म्हणून माथ्याचं काम हातांचं.

आखणी नववीतली एक मुलगी करत होती. तीन काठ्यांची ए-फ्रेम, मधल्या काठीवर खूण, वरून दोरीला बांधलेला दगड. एक पाय रोवायचा, दुसरा पुढं-मागं करायचा, दोरी खुणेवर थांबली की तिथं फक्की टाकायची आणि फ्रेम फिरवून पुढं जायचं. वारा आला की ती दोरी धरून थांबे आणि आमच्याकडं असं बघे, की वारा आम्हीच आणला आहे. पांढरी रेघ डोंगराला वळसे घेत गेली. आमच्यातल्या एका इंजिनिअरला ती सरळ करावीशी वाटली. "दादा, रेघ वाकडी दिसू द्या, लेवल बरोबर हाय," ती म्हणाली आणि पुढं गेली.

मुरूम कसा असतो हे टिकाव मारल्याशिवाय कळत नाही. पहिला घाव ठणकन परत येतो, हात कोपरापर्यंत झिणझिणतो. पहार लावून ढपला सुटला की फावडं, घमेलं, आणि माती चराच्या खालच्या अंगाला, वर नाही. वर टाकली तर पावसानं चरातच येते. साडेआठला उन्हानं आम्हाला पिटाळलं. आम्ही सगळ्यांनी मिळून जेवढं उकरलं, तेवढं खालच्या शेतातलं पोकलेन चहा व्हायच्या आत उकरत होतं. पुण्याहून सामान लादून आणलेल्या तीस माणसांची ही कमाई.

तरी एक गोष्ट त्या सकाळी झाली. वरच्या आळीचे लोक एका उतारावर काम करायचे आणि खालच्या आळीचे दुसऱ्या, असं तीन आठवडे चाललं होतं. आम्ही आलो, आणि आम्हाला कुठल्या उतारावर न्यायचं यावर खल झाला. एका आळीकडं नेलं तर दुसरी रुसणार. शेवटी दोघांच्या मधला, कोणाचाच नसलेला गायरानाचा उतार निघाला. पाहुणे आले म्हटल्यावर दोन्ही आळ्यांना तिथं यावं लागलं. घमेल्याच्या साखळीत उभे राहिलेले दोघे चुलत भाऊ एकमेकांच्या हातात घमेलं देत होते, तोंडं मात्र दोन दिशांना. मला शेजारच्या पोरानं कोपर मारून दाखवलं म्हणून कळलं.

जाताना वेळूला जाऊन आलो. तिथल्या एकाला विचारलं की नंबर आल्यावर गावातले तट मिटले का. तो हसला. "मिटतील कशाला? पर चरावर कुनी राजकारन करत न्हाय."

पावसाळ्यानंतर आम्ही काही जण त्या गावात परत गेलो. चर भरले होते, ओढ्याकाठच्या विहिरींना पाणी चढलं होतं. मावशीच्या दीड तासाचा खड्डा म्हणून एका शेततळ्याचा फोटो काढला; तिचा नेमका कोणता कोपरा ते पोकलेनवाल्यालाही सांगता आलं नसतं. आणि पाण्याबरोबर नवं भांडणही आलं होतं. विहिरीला पाणी दिसलं की कोणाला आलं लावायचं होतं, कोणाला ऊस, आणि एकानं तर बोअरची गाडी सांगूनही ठेवली होती. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरलं. त्यासाठी दर महिन्याला ठरावीक विहिरींची पातळी मोजायची होती. इथं गाडी अडली. वरच्या आळीनं मोजलेलं खालच्यांना मान्य नाही, खालच्यांनी मोजलेलं वरच्यांना.

"ताई, डिझेल आता नको," सरपंच मला म्हणाले. "तुमच्यातलं कुनीतरी म्हैन्याला येऊन नुसतं टेप सोडा विहिरीत. तुमी हितल्या न्हाय ना, तुमचा आकडा समदी मानतील."

दोरीला वजन बांधून, विहिरीच्या ठरवलेल्या एकाच दगडावरून टेप सोडायची आणि पाण्याला टेकल्याचा आवाज आला की वाचायचं. आकडा शाळेच्या फळ्यावर लिहायचा, खाली सही करायची. आमच्या गटात त्यासाठी पाळ्या लावल्या. येणाऱ्यानं डबा घरून आणायचा, हे आक्काला आधीच कळवून ठेवलं.