बाड्यावरचा फास्टर फेणे

ग्वाल्हेरला महाराज बाडा म्हटलं की पुण्यामुंबईचे पाहुणे हमखास विचारतात, बाडा म्हणजे काय? बाडा म्हणजे वाडा. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे छावणी टाकली, त्या छावणीचं लश्कर नावाचं शहर झालं आणि हिंदीच्या शेजारात राहून आमच्या 'व'चा 'ब' झाला. आता घरात मराठी बोलतानाही आम्ही बाडाच म्हणतो.

मधे बाग आणि पुतळा, भोवती टाउन हॉल, मोठं पोस्ट, स्टेट बँक, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी. एकेका इमारतीची धाटणी वेगळी. मी नऊ-दहा वर्षांची असताना मला त्या धाटण्यांचं काडीचं कौतुक नव्हतं. माझ्यासाठी बाडा म्हणजे सायकलचा गोल ट्रॅक होता. टेंपो, हातठेले आणि गायी चुकवत एक फेरी न थांबता पुरी झाली की मी जीभ टाळ्याला लावून आवाज काढायचे: ट्टॉक! मागून येणारे काका दचकायचे. त्यांना काय माहीत, समोर बनेश फेणे चाललाय ते.

पुण्याची मावशी दर उन्हाळ्यात येताना फास्टर फेणेची एक-दोन पुस्तकं आणायची. आमची शाळा हिंदी माध्यमाची, त्यामुळे देवनागरी येत होती. अडायचे ते 'ळ' आणि 'च'. ('चमचा' आणि 'चंद्र' यांतला च वेगळा आहे, हे मला फेणेमुळे कळलं. शुद्धलेखनाच्या वहीमुळे नव्हे.) दुपारी आबा खुर्चीत, मी जमिनीवर. मी मोठ्याने वाचायचं, ते डोळे मिटून ऐकायचे आणि चुकले की न उघडताच दुरुस्त करायचे.

पहिल्याच वर्षी आबांनी एक गोष्ट अभिमानाने सांगितली होती. लिहिणारे भा. रा. भागवत जन्माने इंदूरचे. १९१० चा जन्म. "म्हणजे आपल्याकडचे," आबा म्हणाले. मला त्यात एक अडचण वाटली, कारण आमच्याकडचे भा. रा. आधीच ठरलेले होते: राजकवी तांबे. गंमत म्हणजे दोघंही भास्कर रामचंद्रच. एक ग्वाल्हेर दरबाराचे कवी, दुसरे मुलांचे. मी बराच काळ दोघांची सरमिसळ करत होते आणि एकाच माणसाने दोन्ही लिहिलं असं शाळेत ठासून सांगितलंही होतं.

भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' मासिक काढलं, ज्यूल व्हर्न मराठीत आणला, आणि फेणेची वीसेक पुस्तकं लिहिली. पण मला आज विचार करताना वाटतं, त्यांची खरी करामत पहिल्या पुस्तकाच्या नावातच आहे: 'फुरसुंगीचा फास्टर फेणे'. पुण्याचा नाही, फुरसुंगीचा. हा लुकडा, चौकस, जिथे जाऊ नको म्हणतील तिथे आधी जाणारा मुलगा खेड्यातून पुण्याच्या विद्याभवन शाळेत येतो. त्याच्याकडे जादू नाही, पैसा नाही, ताकद तर नाहीच. सायकल आहे, आणि एखादी गोष्ट बरोबर दिसत नाही हे मोठ्यांच्या आधी ओळखणारे डोळे आहेत. पुढे तो प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो, चक्रीवादळात सापडतो, पण नावामागचं गाव सुटत नाही. पुण्यातल्या मुलांना तो आपल्या शहराचा वाटत असेल. मला तो बाहेरून आलेला वाटायचा, म्हणून माझा वाटायचा.

हे नीट समजलं ते २०१२ मध्ये, पुण्यात नोकरीला लागले तेव्हा. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसच्या कँटीनमध्ये "बाल्टी" आणि "ठेला" म्हणाले आणि टेबलावर हशा पिकला. "तू नागपूरची का?" नाही, ग्वाल्हेरची. "मग तुझी मातृभाषा हिंदी ना?" दोनशे वर्षं जपलेल्या भाषेला एका वाक्यात परकं ठरवलं होतं. त्या रात्री मी रडले, हे आईला अजून सांगितलेलं नाही. आमचं ऑफिस कुठे होतं सांगू? फुरसुंगीला. गोष्टीतल्या त्या गावाला आता आयटी पार्क आहे आणि संध्याकाळी तिथून बाहेर पडायला जो वेळ लागतो, त्यात फास्टर हे विशेषण कुणालाच लागू होत नाही.

सुमीत राघवनची दूरदर्शनवरची मालिका माझ्या आधीची. २०१७ चा अमेय वाघचा सिनेमा मात्र मी पहिल्याच रविवारी पाहिला. फेणे मोठा झाला होता, ते जरा खटकलं. पण दिलीप प्रभावळकर भा. रा. भागवत म्हणून पडद्यावर आले आणि मला खुर्चीत डोळे मिटून बसलेले आबाच दिसले.

गेल्या दिवाळीत ग्वाल्हेरला गेले तर आईने माळा रिकामा करायला काढला होता. आबांची पुस्तकं रद्दीच्या ढिगात. दादा म्हणाला, "कोण वाचणार गं आता?" त्याच्याकडे उत्तर होतं, माझ्याकडे नव्हतं. त्याचा मुलगा नऊ वर्षांचा, इंग्रजी शाळेत, मराठी बोलतो ती फक्त आजीशी, आणि तीही खायला मागताना. मी ढिगातून फेणे तेवढे उपसले आणि भाच्याला घेऊन संध्याकाळी बाड्यावर गेले.

व्हिक्टोरिया मार्केट मधे जळलं होतं, आता तिथे भूशास्त्राचं संग्रहालय आहे. इमारतींवर दिवे सोडलेत. सायकली मात्र फारशा दिसल्या नाहीत. बागेच्या कठड्यावर बसून मी वाचायला लागले. भाचा आधी मोबाईल बघत होता. ट्टॉक आलं तेव्हा त्याने मान वर केली.

"ये कैसे करते हैं?"

"मराठीत विचार."

"हे कसं करायचं, आत्या?"

मी दाखवलं. त्याला तीन-चारदा जमलं नाही, मग जमलं, आणि मग तो थांबेचना. शेजारचा फुगेवाला हसायला लागला. दोन पानं झाल्यावर भाच्याने पुस्तक ओढून घेतलं, बोट ठेवून अडखळत "फुरसुंगी" वाचलं आणि विचारलं, "हे गाव खरंच आहे?"

"आहे. मी तिथेच नोकरी करते."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. विश्वास बसला नव्हता. "मग तू त्याला भेटलीस?"

"ट्रॅफिकमध्ये अडकलाय," मी म्हटलं. "पुढचं वाच."