जन्म कुठला?

शनिवार सकाळ, दुसरा चहा, आणि शार्लटहून मित्राचा फोन. त्याच्या इथले एक खासदार म्हणतायत, आमचं बहुमत येऊ द्या, २८७ (जी) चे पैसेच बंद करतो. "होईल का रे?" असं त्यानं मला पुण्यात विचारलं!

हे कलम १९९६ चं. स्थानिक पोलिसांनी केंद्राच्या इमिग्रेशन खात्याशी, म्हणजे आताच्या आईसशी करार करायचा आणि त्यांची कामं करायची. मी शार्लटला होतो तेव्हा मला याचा पत्ताच नव्हता. एच-वन-बीवाल्यांना ग्रीन कार्डाची कलमं तेवढी पाठ असतात.

२०१७ मध्ये माझं एक्स्टेन्शन लटकलं होतं. लायसन्सची तारीख व्हिसाच्या कागदांना बांधलेली, त्यामुळे तेही संपलेलं. तरी दूध आणायला गाडी काढली (गाढवपणा!) आणि मागे निळे दिवे. मामा सज्जन निघाले. तिकीट दिलं, "हॅव अ गुड डे" म्हणाले. हात मात्र घरी येईपर्यंत थरथरत होते.

शेजारचं अपार्टमेंट रंगवणाऱ्या होंडुरासच्या माणसाला मी हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही. त्याच्या मेव्हण्यालाही असंच अडवलं होतं. फरक एवढाच, की कागद नसलेल्यांना नॉर्थ कॅरोलिनात लायसन्स मिळणं २००६ पासून बंद, त्यामुळे त्याच्याकडे ते नव्हतंच. त्याला तुरुंगात नेलं. तिथे नोंद करताना पहिल्यांदा विचारलं, जन्म कुठला? मेव्हणा परत घरी आला नाही. मुलगी तेव्हा दुसरीत होती.

मला कोणी विचारलं असतं तर मी "सांगली" म्हटलं असतं, आणि कागद दाखवून सुटलो असतो. बहुधा.

२०१८ मध्ये गॅरी मॅकफॅडन हा करार मोडण्याचं वचन देऊन मेक्लेनबर्ग काउंटीचे शेरीफ झाले आणि डिसेंबरात त्यांनी तो खरंच मोडला. २००६ पासूनचा करार! संसद नाही, बजेट नाही, एक सही. तेव्हा डेप्युटींचा पगार काउंटीच देत होती. केंद्राकडून मुख्यतः ट्रेनिंग.

आता गणित उलटं झालंय. २०१२ मध्ये गुंडाळलेलं रस्त्यावरच्या गस्तीचं मॉडेल जानेवारी २०२५ मध्ये परत आलं, आणि करार वर्षभरात हजारावर गेले. ऑक्टोबर २०२५ पासून त्यातल्या पोलिसांचे पगारही केंद्र भरून देतं. म्हणजे "पैसे बंद" या वाक्याला पहिल्यांदाच खरा अर्थ आलाय, कारण छोट्या गावाच्या शेरीफला तो चेक मोठा वाटतो.

पण मेख आहे. जुलै २०२५ च्या कायद्यानं आईसला सुमारे ७५ अब्ज डॉलर एकरकमी दिलेत, सप्टेंबर २०२९ पर्यंत वापरायला. दरवर्षीच्या बजेटात कात्री लावली तरी ही तिजोरी शाबूत. ती उघडायला वेगळा कायदा हवा, आणि त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही. ती कुठून येणार? बायडन यांनीही २०२० मध्ये ट्रम्प यांच्या काळातले करार संपवण्याचं आश्वासन दिलं होतं. बहुतेक तसेच राहिले.

शिवाय शेरीफची सहीसुद्धा आता पुरत नाही. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळानं २०२४ मध्ये गव्हर्नरांचा व्हेटो ओलांडून शेरीफांना आईसशी सहकार्य सक्तीचं केलं.

मित्राला एवढंच म्हटलं, होणं अवघड आहे. तो थोडा वेळ गप्प.

"तुझं लायसन्स कधी संपतंय?" मी विचारलं.

"मार्चमध्ये. एक्स्टेन्शन टाकलंय."

"मग दूध वहिनींना आणू दे."

"तिचंही मार्चमध्येच संपतंय रे."