भुसावळच्या चर्चचे अंगण

भुसावळला गाडी बदलायची वेळ तुमच्यावर कधी ना कधी आली असेलच. एक गाडी चुकली की दुसरीला तीन-चार तास. त्यातून वैशाख असला तर विचारूच नका! पारा पंचेचाळीसच्या वर आणि डोक्यावरचा पत्रा तव्यासारखा तापलेला. अशाच एका दुपारी पिशवी खांद्याला लावून मी स्टेशनाबाहेर पडलो आणि सावली हुडकत रेल्वेच्या वसाहतीकडे वळलो. तिथे एका जुन्या चर्चचे आवार दिसले. चर्चचे दार बंद, फाटक मात्र उघडे. आत दोन थोराड निंब, एक चिंच, आणि एका निंबाच्या बुंध्याभोवती दगडी ओटा. अगदी आपल्या गावच्या पारासारखा.

तुमचे-आमचे पाय अशा फाटकापाशी अडखळतात. आपण त्या धर्माचे नाही, कोणी हटकले तर? मीही घुटमळलो. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांनीच हाक मारली, "या भाऊ, बसा. रांजणातलं पाणी गार आहे." पाणी प्यालो, मग ओळख निघाली. रेल्वेत इंजिन चालवून निवृत्त झालेले होते ते.

भुसावळात चर्च आली ती रेल्वेच्या मागोमाग. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला, तो इथूनच जबलपूरकडे जातो. इंजिने आली, कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर गोरे साहेब, अँग्लो-इंडियन, गोव्याचे, मद्रासकडचे ख्रिस्ती नोकरदार आले. पुढे अमेरिकेतल्या अलायन्स मिशनने अकोला, खामगाव, चाळीसगाव, भुसावळ या पट्ट्यात मराठीतून काम केले. त्यामुळे कॅथलिकांचे आवार वेगळे, प्रॉटेस्टंटांचे वेगळे.

चर्च म्हणजे ती उंच इमारत, असे आपण बाहेरून समजतो. पण यांचे निम्मे सण अंगणातच होतात. कॅथलिकांच्या आवारात बहुधा मरियामातेची दगडी गुहा असते. फ्रान्समधल्या लूर्द गावी १८५८ साली बर्नादेत नावाच्या मुलीला एका गुहेत मातेचे दर्शन झाले, अशी त्यांची श्रद्धा. त्या गुहेची ही प्रतिकृती. चर्चला कुलूप असले तरी बाई-माणूस येऊन तिथे मेणबत्ती लावून जाते. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस उपवासाचे असतात. त्या दिवसांत येशूच्या अखेरच्या वाटचालीची चौदा ठिकाणे करून थांबत थांबत प्रार्थना म्हणतात. पुष्कळ जागी ती वाट आवारातूनच फिरते. प्रॉटेस्टंट मंडळी ईस्टरच्या पहाटे उघड्यावर जमून उगवत्या सूर्याबरोबर उपासना करतात.

शेतकऱ्याला जवळचा वाटेल तो त्यांचा हंगामाचा सण. कोणी ज्वारीची पायली आणतो, कोणी केळीचा घड, कोणी कोंबडी, तर कोणी परसातली वांगी. प्रार्थना झाली की अंगणात त्याचा लिलाव. बाजारात ज्याला कोणी विचारणार नाही असा भोपळा इथे तिप्पट भावाला जातो आणि पैसा मंडळीच्या कामी लागतो. आपल्याकडे सप्ताहाच्या भंडाऱ्याला धान्य गोळा करतात, त्याचेच हे भावंड म्हणा ना.

कीर्तनही यांना परके नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. बाकांच्या रांगांत कीर्तन अवघडते. त्याला अंगणच हवे. याच टिळकांनी धरणगावच्या ठोंबऱ्यांना, म्हणजे आपल्या बालकवींना, नगरला घरच्या मुलासारखे वागवले. जळगावहून भुसावळला येताना भादली स्टेशन लागते. तिथेच ५ मे १९१८ रोजी बालकवी रेल्वेखाली गेले. गाडी तिथून जाताना माझी मान आपोआप खिडकीकडे वळते.

म्हातारबाबांना भादलीचे सांगितले तर ते नुसतेच हं म्हणाले. त्यांच्या मनात दुसरेच चालले होते. "हा निंब पाडायचं म्हणतात," ते म्हणाले. आवारात हॉल बांधायचा होता, गाड्या लावायला फरशी करायची होती. तरुण मंडळींचेही खोटे नव्हते. लग्नाला मंगल कार्यालयाचे भाडे देता देता माणूस मेटाकुटीला येतो. "हॉलला माझी ना नाही. पण आम्ही रेल्वेची माणसं. बदली झाली की बिऱ्हाड उचलायचं. गाव कोणतं म्हणाल तर हे अंगण. मंडळीला मूठमाती देऊन आलो तेव्हा सगळे इथंच बसले होते माझ्याजवळ, दिवे लागेपर्यंत. हॉलला कुलूप येणार, किल्ली कोणाकडे तरी राहणार."

मी काय सांगणार? शेतकऱ्याला कळते तेवढे सांगितले. फरशी घालायची तर घाला, पण बुंध्याभोवती दोन-अडीच हात माती मोकळी सोडा. आपल्या गावोगावच्या पारांना सिमेंट थापून मुळांचे पाणी आणि वारा दोन्ही तोडले, मग झाड शेंड्याकडून वाळू लागले की देवाला बोल लावतो. हॉल भिंतीकडे सरकवता येतो का, तेही पाहा म्हटले. बाबांनी काठीने जमिनीवर रेघ ओढली, पावले मोजली. म्हणाले, "रविवारी उपासना झाल्यावर बोलतो. ऐकतील तर ऐकतील."

तेवढ्यात माझ्या गाडीची वेळ झाली.

पंधरा-वीस दिवसांनी परतताना मुद्दाम वाकडी वाट केली. हॉलसाठी फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या, पलीकडच्या भिंतीला लागून. चिंचेच्या दोन फांद्या गेल्या होत्या. निंब होता तिथेच होता, ओट्यावर कोणी तरी रेल्वेचा प्रवासी उशाला पिशवी घेऊन झोपला होता. बाबा दिसले नाहीत. रांजण भरलेला होता. पाणी प्यालो आणि स्टेशनाची वाट धरली.