विकतची हमी

जुनी वस्तु घेणाऱ्या माणसाकडे जग थोड्या करुणेनें पाहतें. आणि जुनी मोटारसायकल घेऊं निघालेल्या पन्नाशीच्या प्राध्यापकाकडे तर उघड उघड अविश्वासानें! गेल्या महिन्यांत या दोन्ही नजरांचा मीं पुरेपूर अनुभव घेतला. गाडी माझ्यासाठीं नव्हती. माझ्या मुलीला चाकणच्या एका कारखान्यांत नोकरी लागली, आणि कोथरूडहून तेथें जाऊन येण्याचें अंतर ७० किलोमीटरांच्या घरांत भरतें. त्यांतून पाळी कधीं पहाटेची, कधीं रात्रीची. नवी गाडी घ्यावी असें मीं सुचवितांच, "पहिल्या पगाराआधीं कर्ज नको, बाबा," असें म्हणून तिनें तो विषय मिटवून टाकला.

सहा वर्षांची, ३१,००० किलोमीटर धावलेली, १५० सी. सी.ची एक गाडी पसंत पडली. किंमत ठरली ५६,००० रुपये. मी उठणार तोंच दुकानांतील तरुणानें एक गुळगुळीत कागद माझ्यापुढें सरकविला. "सर, आणखी ३,८०० रुपयांत एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी आहे. घेऊनच टाका, टेन्शन नाहीं." गाडी किती निकोप आहे हें तो गृहस्थ तासभर मला पटवून देत होता. आतां ती बिघडली तर काय, ही चिंता तोच मोठ्या आपुलकीनें माझ्या मनांत सोडीत होता. मीं दोन दिवसांची मुदत मागितली आणि कागद घरीं आणला.

मी इंग्रजीचा शिक्षक. कंटाळवाणें गद्य सावकाश वाचण्याचाच मला पगार मिळतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या आंतील भागांची हमी पहिल्या चार ओळींत ठळक अक्षरांत दिलेली होती. पुढचें पानभर मजकूर ती परत घेण्यांत खर्ची पडला होता. क्लचच्या प्लेटा, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, टायर, बॅटरी, केबली, रबरी सील आणि 'झिजेमुळें निकामी होणारा कोणताहि भाग' हमींत नाहीं. गाडी विकत घेण्यापूर्वींचा दोष हमींत नाहीं. आणि दोष पूर्वींचा कीं नंतरचा, हें ठरविणार कंपनीचाच माणूस. ठराविक मुदतीला ठराविक ठिकाणींच सर्व्हिसिंग करावयाचें. एक पावती हरवली कीं हमी संपली. खालीं सही होती ती दुकानदाराची नव्हे, तर जिनें ही गाडी कधीं पाहिलीहि नाहीं अशा एका तिसऱ्याच कंपनीची.

माझी स्कूटर गेलीं पंधरा वर्षें जिवंत ठेवणाऱ्या मिस्त्रींना मी दुसऱ्या दिवशीं दुकानांत घेऊन गेलों. इंजिन अगदीं थंड असतांना त्यांनीं तें चालू करावयास लावलें. धुराला निळसर झांक नाहीं, म्हणजे ऑइल जळत नाहीं, हें पाहून घेतलें. मग पुढचें चाक उचलून हॅण्डलचा कोनसेट हलवून पाहिला, चेन बोटानें ताणून पाहिली, आणि निकाल दिला : इंजिन ठीक आहे; या वर्षांत चेन-सेट, बॅटरी आणि बहुधा क्लच-प्लेटा बदलाव्या लागतील. मीं कागद वाचून दाखविला. "सर," ते म्हणाले, "जें मोडत नाहीं तेवढें सगळें यांत आहे!"

इंजिन बिघडलेंच, तर रिंगा, व्हॉल्व्ह, बोअर आणि मजुरी धरून त्यांनीं ८,००० रुपयांचा अंदाज सांगितला. गणित माझा विषय नव्हे. पण ८,००० च्या धोक्यासाठीं ३,८०० मोजणें परवडावें, तर अशा दर दोन गाड्यांपैकीं जवळजवळ एकीचें इंजिन वर्षभरांत बसावयास हवें. आणि तशी स्थिति असेल, तर हमी घेण्यापेक्षां गाडी न घेणेंच बरें!

हें गणित सर्वांना सारखें लागू नाहीं, हें मात्र खरें. तोच तोटा श्रीमंतापेक्षां गरिबाला अधिक जड जातो, हा विचार डॅनिएल बर्नूलीनें १७३८ मध्येंच मांडून ठेवला आहे. ८,००० रुपयांनीं माझा महिना बिघडेल, घर बसणार नाहीं. परंतु ज्याचें पोटच दुचाकीवर आहे, जो दिवसभर घरोघर खाद्यपदार्थ पोंचवितो, त्यानें वाजवीपेक्षां थोडें अधिक देऊनहि हमी घेतली तर त्याला मी वेडा म्हणणार नाहीं. पण कागदाच्या पाठीवर बारीक टाइपांत छापलें होतें कीं, धंद्यासाठीं वापरलेल्या गाडीस ही हमी लागू नाहीं. ज्याला तिची खरी गरज, तो दाराबाहेर!

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. कित्येक नियतकालिकांनीं साभार परत केलेल्या त्या निबंधाच्या लेखकाला २००१ मध्यें नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. विकणाऱ्याला गाडीचें खरें रूप ठाऊक असतें, घेणाऱ्याला नसतें. म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देतो, आणि मग चांगल्या गाडीचा मालक बाजारांतून निघून जातो, असें त्याचें सांगणें. यावर त्यानें जे उपाय नोंदले त्यांत हमी आहे. कारण हमी देणारा विक्रेता धोका स्वतःच्या अंगावर घेतो. माझ्या पुढ्यांतल्या कागदांत नेमकें हेंच नव्हतें. ज्याला गाडीची माहिती होती तो धोका घेत नव्हता, आणि जो घेत होता त्याला माहिती नव्हती. दिलेली हमी आणि विकलेली हमी या दोन अगदीं निराळ्या वस्तु आहेत.

इंग्रजींतले 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' हे मुळांत एकच शब्द. एक नॉर्मंडीच्या बोलींतून आला, दुसरा मध्य फ्रान्सच्या. आपल्याकडे 'जामीन' हा शब्द अरबींतून फारशीच्या वाटेनें आला आणि इतका रुळला कीं परका वाटेनासा झाला. पण जामीन हा कागद नव्हता, माणूस होता! दुसऱ्यानें शब्द मोडला तर याचें घरदार धोक्यांत येई, म्हणून जामीन राहण्यापूर्वीं तो दहा वेळां विचार करी.

माझें हें विवेचन सौभाग्यवतींनीं शांतपणें ऐकून घेतलें. मग त्या म्हणाल्या, "अहो, पैशांचें काय घेऊन बसलांत? रात्रीं अकराला मोशीच्या पुढें गाडी बंद पडली, तर पोरीनें काय करायचें?"

या प्रश्नाला बर्नूलीजवळ उत्तर नव्हतें, आणि त्या कागदांतहि नव्हतें. रस्त्यांत गाडी अडते ती बहुधा चेन तुटून, बॅटरी उतरून किंवा टायर बसून. हमीनें वगळलेल्या वस्तूंमुळेंच. म्हणून हमीसाठीं मागितलेल्या पैशांतूनच नवा चेन-सेट आणि नवी बॅटरी आधीं बसवून घ्यावी, असें मीं ठरविलें. दोन्ही मिळून साडेतीन हजारांच्या आंत बसलें.

दुकानाच्या मालकाला मीं एवढेंच विचारलें कीं, तीन महिन्यांची इंजिनाची हमी तुम्ही स्वतः लिहून द्याल का? तो प्रथम हंसला; मग मिस्त्रींकडे पाहून गंभीर झाला. तीनाचे दोन महिने झाले. बिलाच्या पाठीमागें 'इंजिन व गिअरबॉक्स, ६० दिवस, खर्च दुकानाचा' असें त्यानें आपल्या हातानें लिहिलें आणि सही केली. साक्षीदार म्हणून मिस्त्रींनीं खालीं आपलें नांव घातलें. बाहेर पडतांना त्यांनीं आपला फोन-नंबर मुलीला दिला, आणि रात्रीं साडेअकरानंतर तो उचलला जाणार नाहीं, हेंहि तिला बजावून सांगितलें.