लपवता येणारे आणि न लपणारे

डोमिनिकन प्रजासत्ताकात जन्मलेले आणि न्यू जर्सीत वाढलेले अमेरिकी कथाकार जुनो डियाझ यांच्या ‘ड्राऊन’ (1996) या संग्रहातील एका कथेत, निरनिराळ्या वर्णांच्या मुलींना घरी बोलावताना कसे वागावे याच्या सूचना एक किशोरवयीन मुलगा जणू स्वतःलाच देत जातो. घर रिकामे झाल्यावर त्याचे पहिले काम असते सरकारी मदतीत मिळालेले चीज दडवण्याचे, आणि ते कोठे दडवायचे हे येणारी मुलगी कोणत्या वस्तीतली आहे यावर ठरते; त्यानंतर गावाकडचे फोटो काढून ठेवले जातात आणि दाट कुरळ्या केसांतला त्याचा स्वतःचा फोटोही दृष्टीआड होतो. वंशभेदाविषयी लेखक कोठेही प्रवचन करत नाही. तो भेद घर आवरण्याच्या क्रमातूनच वाचकाला उमगतो.

कराडच्या वाचकाला ही आवराआवर परकी वाटण्याचे कारण नाही. प्रीतिसंगमाच्या घाटावर किंवा विद्यानगरच्या महाविद्यालयांत जुळलेल्या ओळखीतही आडनाव सांगताना अडखळणे, वस्तीचे नाव टाळणे, घरात डॉ. आंबेडकरांची तसबीर आहे याचा उल्लेख न करणे असे प्रकार संभवतात. स्वतःची ओळख दडवून जगण्याची किंमत मराठी कथेने बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहात फार पूर्वीच मांडली आहे. तरीही दोन्हीकडच्या लपवाछपवीत एक महत्त्वाचा फरक आहे. डियाझ यांच्या कथेत आई आणि भाऊ बाहेर गेलेले असतात, त्यामुळे जे काही घडते ते दोघांतच घडते आणि भेदाची रेषा त्या मुलाच्या मनात असते. कराड, पाटण, वाळवा या भागात मात्र ती रेषा भावकीच्या, म्हणजे एकाच कुळातल्या, सुखदुःखात आणि मानपानात वाटेकरी असलेल्या घरांच्या हाती असते. ‘गाव कोणतं, पाहुणे कोण’ या साध्या चौकशीतून सोयरीक जुळण्याजोगी आहे की नाही याचा अंदाज काही क्षणांत बांधला जातो, आणि तेथे वस्तू दडवून भागत नाही, कारण माणसाचे नातेगोतेच त्याचा पत्ता सांगत असते.

म्हणूनच डॉ. आंबेडकरांनी 1936 साली जातिनिर्मूलनाचा विचार मांडताना सहभोजनापेक्षा आंतरजातीय विवाहावर भर दिला. रोटी-बेटी व्यवहार या जोडशब्दातील रोटीचा, म्हणजे एकत्र जेवणाचा, निर्बंध शहर, खानावळ आणि वसतिगृह यांनी पुष्कळ सैल केला. बेटीचा, म्हणजे मुलगी देण्याघेण्याचा, निर्बंध मात्र टिकला, कारण त्यात मालमत्ता, वारसा आणि कुळाची प्रतिष्ठा गुंतलेली असते.

कायद्याने या बाबतीत समाजाच्या पुढे पाऊल टाकले होते. जात वेगळी असल्याच्या कारणावरून हिंदू विवाह अवैध ठरू नये अशी तरतूद भारतात 1949 साली झाली, तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भिन्नवंशीय विवाहांवरील राज्यांची बंदी 1967 साली ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ खटल्यात रद्द केली. परंतु 1954 च्या विशेष विवाह कायद्यानुसार विवाहाआधी द्यावयाची नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते आणि आक्षेपांसाठी 30 दिवसांची मुदत असते; त्यामुळे ज्या जोडप्याला भावकीची धास्ती असते, त्याचीच नावे भावकीला वाचायला मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली ‘शक्ती वाहिनी’ खटल्यात अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी सुरक्षित निवासाची व्यवस्था सुचवली, ती हा धोका ओळखूनच.

डियाझ यांचा नायक शेवटी ते चीज पुन्हा जागेवर ठेवतो, कारण त्याला घराशी भांडायचे नसते, फक्त एक संध्याकाळ पार पाडायची असते. विवाहाचा निर्णय घेणाऱ्या जोडप्याला ती मुभा नसते. विशेष विवाह कायदा तीन साक्षीदारांच्या सह्या मागतो आणि घरचे विरोधात असतील तर त्या सह्या सहसा मित्रांनाच कराव्या लागतात. त्या तिघांत मुलीचा किंवा मुलाचा बाप स्वखुशीने उभा राहू लागेल, तेव्हा भावकीचा निर्णय बदलू लागला असे म्हणता येईल.