बांधलेला कुत्रा

कुत्रा घेऊन निघालेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या जातीचा?’ हिंदीत नस्ल, कन्नडमध्ये तळि, मराठीत जात. उमद्या जनावराला तर आपण ‘जातिवंत’च म्हणतो. शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, हेही आपणच म्हणतो. स्वभाव जन्मानेच येतो, हा निकाल भाषेनं आधीच देऊन ठेवला आहे.

मार्च २०२४मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन विभागानं राज्यांना पत्र पाठवून २३ जाती धोकादायक ठरवल्या. त्यांची आयात, पैदास, विक्री बंद, पाळलेल्यांचं निर्बीजीकरण. (संबंधितांचं म्हणणं न ऐकताच हे काढलं म्हणून पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं.) आमच्या सोसायटीत एक रॉटवायलर आहे, त्यामुळे सेक्रेटरींनी यादी माझ्याकडे आणली : ‘मॅडम, जरा मराठी करून द्या.’

‘ब्रीड’ला काय लिहावं? वर्तमानपत्रं ‘प्रजाती’ लिहितात, पण सगळे कुत्रे एकाच प्रजातीचे. ‘वाण’ म्हटलं की ज्वारी आठवते. शेवटी ‘जात’च लिहिलं.

यादीच्या शेवटी ‘बॅनडॉग’ होतं. सेक्रेटरींना वाटलं, बंदी घातलेला कुत्रा. हा शब्द मुळात मध्ययुगीन इंग्रजीतला. त्यातला ‘बॅन’ म्हणजे बंध. साखळीनं बांधून ठेवलेला राखणीचा कुत्रा. म्हणजे हे रक्ताचं नाव नव्हेच, माणसानं कुत्र्याचं काय केलं त्याचं नाव आहे. पिटबुलही तसाच. बैलांवर सोडलेल्या आणि आखाड्यात झुंजवलेल्या कुत्र्यांचा तो वंशज.

पिढ्यान्‌पिढ्या निवडून पैदास केली की काही उतरतंच, हे मी नाकारत नाही. पण किती? २०२२ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं होती, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम ९ टक्के फरक जातीनं उलगडला. जात आणखी एक गोष्ट ठरवते आणि ती किरकोळ नाही : जबडा. आमच्याकडचं पॉमेरियन आजवर दूधवाल्याला, कुरिअरवाल्याला आणि मला चावलं आहे. सगळे हसले. रॉटवायलर कुणालाच चावलेला नाही. निवृत्त जोडपं त्याला रोज दोनदा फिरवतं, लिफ्टमध्ये माणूस असला तर थांबतं. तरीही नोटीस त्याच्यासाठीच. त्यानं एकदा जरी तोंड टाकलं तर टाके किती पडतील, ही भीती मात्र खोटी नाही, आणि ते जोडपं ती ओळखून वागतं.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच माणसाची. कुत्रा नव्हे, त्याची बदनामी विकत घेणाऱ्याची. यादीत नाव आलं की त्याच्या लेखी भाव वाढतो. तिसऱ्या मजल्यावरच्या तरुणानं हल्लीच केन कोर्सोचं पिल्लू आणलं. नाव विचारलं, तर म्हणाला, ‘नाव ठेवायचंय अजून. पण ताई, हा बॅनवाला आहे बरं का.’ पिल्लू चार महिन्यांचं आहे. दिवसभर बाल्कनीच्या गजाला बांधलेलं असतं.