अंगणात उतरलेला सिंहगड

दिवाळी आठ दिवसांवर आली की महाराष्ट्रातील घरोघरच्या अंगणांत किल्ले उभे राहू लागतात. दगडविटांचा ढीग रचावा, त्यावर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरावे, बुरूज थापावेत, उतारावर हळीव किंवा मोहरी पेरावी, आणि शेवटी बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजाग उभे करून माथ्यावर महाराजांची सिंहासनस्थ मूर्ती बसवावी, ही या बालशिल्पाची परंपरागत रीत होय. तिच्यात दोष काढणे अरसिकपणाचे ठरेल. तथापि अशा किल्ल्याकडे क्षणभर गणिताच्या दृष्टीने पाहिले, तर मोठे कौतुक वाटते. येथे मावळा दरवाजाहून उंच असतो, मोहरीचे रोप बुरुजाच्या वर डोकावत असते, आणि महाराज उठून उभे राहिले तर सबंध गड त्यांच्या गुडघ्याशी येईल अशी स्थिती असते.

आमच्या एकत्र कुटुंबातील मुलांनी गेल्या वर्षी हट्ट धरला, की यंदा ‘कोणता तरी’ किल्ला नको. सिंहगडच हवा, आणि तोही खराखुरा. खराखुरा म्हणजे काय, याचा विचार करू लागताच सारा प्रश्न एका अंकाशी येऊन ठेपतो. तो अंक म्हणजे प्रमाण. गडावरील प्रत्येक लांबी, रुंदी आणि उंची ज्या एकाच संख्येने भागून आपण अंगणात मांडतो, ती संख्या. हे सारे गणित आपल्या ओळखीचे त्रैराशिकच आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत ज्याची थोरवी गायिली, तेच येथे पुरते. आपल्या मूर्तिकारांनाही ही दृष्टी पूर्वापार होती. शिल्पशास्त्रातील नवताल मूर्ती १०८ अंगुळांची. पण हे अंगुळ कारागिराच्या बोटाचे नसून त्या मूर्तीचेच असते. मूर्ती वीतभर असो वा पुरुषभर, तिचा एकशेआठवा अंश तो तिचा अंगुळ. मोठ्याचे लहान करताना रूप बिघडू नये, याची युक्ती ती हीच.

प्रमाण कोणते घ्यावे, हे जागेवर अवलंबून असते. आमच्या अंगणात दोन मीटर लांब व तितकीच रुंद अशी चौकट सहज मावते. हजारास एक हे प्रमाण घेतले, तर या चौकटीत दोनच किलोमीटरांचा मुलूख येतो, आणि गडाचे उतार चौकटीबाहेर सांडतात. दोन हजारास एक घेतले की चार किलोमीटर मावतात, आणि माथा, कडे, सोंडा यांचा मेळ डोळ्यांत भरतो. या प्रमाणात आणखी एक मौज आहे. लीलावतीच्या परिभाषेत चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड आणि दोन हजार दंडांचा कोस. तेव्हा दोन हजारास एक या प्रमाणात गडावरचा एक कोस अंगणात बरोबर एक दंड होतो! हात दीड फुटाचा धरला तर कोस सव्वादोन मैलांचा आणि दंड सहा फुटांचा. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात सिंहगडाचा घेर दोन मैलांहून अधिक दिला आहे. म्हणजे स्थूलमानाने कोसभर घेराचा हा गड दंडभर दोरीने वेढता येतो.

आकडे कागदावर जुळले, तरी ज्या स्थळाची प्रतिकृती करावयाची ते पायांखाली घातल्यावाचून ती करू नये, असे आमचे मत आहे. म्हणून एका रविवारी मुलांसह आम्ही गडावर गेलो. पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरांवर, खडकवासल्याचा जलाशय उजवीकडे ठेवून डोणज्यावरून पुढे गेले की सिंहगड समोर येतो. वाहने थेट वर नेणारा रस्ता आहे. पण आमचा हेतू मापाचा असल्याने आतकरवाडीची पायवाट धरली. प्रारंभी वाट मवाळ असते. नंतर ती अशी चढू लागते, की बोलणाऱ्यांची तोंडे आपोआप मिटतात. मुलांना आम्ही एकच काम सांगितले होते : जेथे धाप लागेल तेथे थांबावे, आणि काठीला दोरी व दगड बांधून केलेल्या ओळंब्याने व कंपासपेटीतील कोनमापकाने तेथील चढाचा कोन टिपून ठेवावा. वाटेत ताक घेऊन बसलेल्या बायकांनी आमच्या या उद्योगाकडे जरा शंकित मुद्रेने पाहिले. एका आजीबाईंनी तर, “काय हो गुरुजी, गड इकायला काढलाय का?” असेही विचारले. मुलांना हसू आवरेना.

पुणे दरवाजातून आत शिरल्यावर वाऱ्याचा स्पर्शच निराळा वाटतो. देवटाक्याचे गार पाणी, लोकमान्य टिळक ज्यात राहत असत तो बंगला, १७०० साली याच गडावर देह ठेवणाऱ्या राजाराम महाराजांची समाधी, आणि पश्चिमेचा तो कडा, ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आपल्या माणसांसह जो चढून आले असे सांगतात. या कड्याशी मुले बराच वेळ गप्प उभी होती. पुढे कल्याण दरवाजाशी आम्ही त्यांना छायेने उंची काढण्यास शिकविले. तीन फुटांची काठी उभी करून तिची छाया मोजावी. त्याच क्षणी भिंतीचीही छाया मोजावी. काठीची छाया दोन फूट आणि भिंतीची आठ फूट भरली, तर भिंत बारा फुटांची. हेही त्रैराशिकच, सूर्य सर्वांना एकच कोन देतो, एवढाच त्यातील आधार. मग पिठलेभाकरी आणि मडक्यातील दही यांचा यथेच्छ समाचार घेऊन मंडळी खाली उतरली.

घरी आल्यावर नकाशाचे काम निघाले. आमच्या संग्रही सर्व्हे ऑफ इंडियाचे एक जुने, मैलास एक इंच असे पत्रक आहे. एका मैलात ६३,३६० इंच असल्याने त्याचे प्रमाण ६३,३६० स एक. भारतात दशमान मापे १९५६ च्या कायद्याने आली, आणि नवी पत्रके ५०,००० स एक या प्रमाणात निघू लागली. त्यांत दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. एका प्रमाणावरून दुसऱ्यावर जाण्याची रीत अगदी सरळ आहे. मूळ प्रमाणाच्या अंकास इष्ट प्रमाणाच्या अंकाने भागावे आणि येणाऱ्या गुणकाने प्रत्येक माप गुणावे. जुन्या पत्रकासाठी ६३,३६० भागिले २,००० म्हणजे ३१.६८, नव्यासाठी ५०,००० भागिले २,००० म्हणजे नेमके २५. जुन्या पत्रकाशी जिव्हाळा असला तरी पंचविसाचा पाढा मुलांना येतो, म्हणून नवेच पत्रक घेतले.

आमची चार किलोमीटरांची चौकट त्या नकाशावर आठ सेंटिमीटरांची भरली. तिच्यावर एकेक सेंटिमीटराची घरे पाडली. अंगणात तीच घरे पंचवीस पंचवीस सेंटिमीटरांवर सुतळी ताणून आखली. अशी चौसष्ट घरे, बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे. आणि सुतळ्या जेथे मिळतात असे एक्याऐंशी बिंदू. गडाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे १,३१२ मीटर उंच आहे. तळ ६०० मीटरांवर धरला. नव्या नकाशावरील समोच्च रेषा वीस वीस मीटरांच्या अंतराने असतात, आणि वीस मीटर म्हणजे आमच्या प्रमाणात बरोबर एक सेंटिमीटर. तेव्हा सूत्र असे ठरले : बिंदूच्या उंचीतून ६०० वजा करावे, बाकीस २० ने भागावे, उत्तर सेंटिमीटरात. उंची ८४० असेल तेथे बारा सेंटिमीटरांची कामटी रोवावयाची, १,००० असेल तेथे वीस सेंटिमीटरांची, आणि माथ्यावर साडेपस्तीसहून किंचित अधिक. सर्व कामट्या रोवल्यावर माती त्यांच्या टोकांपर्यंत भरली, की डोंगर आपोआप आकारास येतो. आमच्या धाकट्या नातीने अर्ध्याहून अधिक कामट्या स्वतः मोजून कापल्या. भागाकाराची वही जिला डोळ्यांपुढे नको असे, तिने हे भागाकार गुणगुणत केले.

डोंगर उभा राहिला, आणि घरात वाद सुरू झाला. थोरला नातू म्हणाला, “आजोबा, हा सिंहगड कसला? हा तर पसरलेला भाताचा ढीग! आणि कडा कुठे आहे?” त्याची तक्रार निराधार नव्हती. ग्रँट डफ त्या काळ्या कड्याची उंची चाळीस फुटांहून अधिक देतो. चाळीस फूट भागिले दोन हजार म्हणजे जेमतेम सहा मिलिमीटर. ज्या कड्यापाशी मुले निःशब्द झाली, तो अंगणात तांदळाच्या दाण्याएवढा उरला होता. नातवाने उपाय सुचविला, की लांबीरुंदी आहे तशी राहू द्यावी, उंची तेवढी दुप्पट करावी. घरातील बहुमत त्याच्या बाजूस झुकले. सूनबाईंचे म्हणणे पडले, की पाहुणे किल्ला पाहण्यास येतात, गणित तपासण्यास नव्हे.

आम्ही निर्णय दिला नाही. मुलांनीच टिपलेली कोनांची वही पुढे ठेवली. लहान करण्याने सर्व काही सारखे लहान होत नाही, ही गोष्ट येथे ध्यानी घेतली पाहिजे. लांबी दोन हजार पटींनी घटते, क्षेत्रफळ चाळीस लाख पटींनी, आणि घनफळ आठशे कोटी पटींनी. खडकवासल्याचा जलाशय आमच्या चौकटीबाहेर राहिला; पण त्यातील सुमारे दोन अब्ज घनफूट उपयुक्त पाणी या प्रमाणात सात लिटर होते, म्हणजे एका कळशीत मावते. कोन मात्र मुळीच घटत नाही. गडावरचा तीस अंशांचा चढ अंगणातही तीस अंशांचाच राहतो. उंची दुप्पट केली, तर तोच चढ एकोणपन्नास अंशांचा होतो. म्हणजे जी वाट आम्ही धापा टाकीत का होईना चालून गेलो, तिच्यावर हात टेकल्यावाचून पाऊल टाकता येऊ नये. नातवाने वही घेतली, कोनमापक मातीच्या उतारास लावून पाहिला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “उतार खराच आहे.” जेथे त्याची धाप लागली होती, ती जागा त्याला मातीत सापडली होती.

तरी कड्याचा प्रश्न उरलाच, आणि तो टाळण्याजोगा नव्हता. त्या रात्रीचे शौर्य सहा मिलिमीटरांत कोणास दिसणार? तोड निघाली ती मावळ्यांच्या टोपलीतून. बाजारचा मावळा साडेसात सेंटिमीटरांचा. दोन हजारास एक या प्रमाणात तो दीडशे मीटर उंचीचा राक्षस ठरतो. पण त्याला साडेपाच फुटांचा खरा माणूस मानले, तर त्याचे प्रमाण बाविसास एक येते. त्या प्रमाणात सारा डोंगर करावयाचा, तर दहा मजली इमारतीएवढा, सुमारे बत्तीस मीटर उंच होईल; परंतु डोंगर करावयाचा कशाला? कड्याचा एक तुकडाच करावा. दोन हजार भागिले बावीस म्हणजे सुमारे एक्याण्णव. लहान प्रतिकृतीतील सहा मिलिमीटर एक्याण्णवांनी गुणले, की सुमारे पंचावन्न सेंटिमीटर, म्हणजे बावीस इंचांचा कडा होतो.

त्याप्रमाणे मोठ्या चौकटीशेजारी बावीस इंचांचा काळा उभा कडा रचला, त्यावरून सुतळीचा दोर सोडला, आणि पायथ्याशी तीन इंचांचे मावळे ठेवले. सबंध गडाच्या उतारांवर मोहरी पेरली नाही, कारण तिचे बोटभर रोप तेथे शंभर मीटरांहून उंच वृक्ष झाले असते. त्याऐवजी भिंतीवरचे शेवाळ लावले. अडीच मिलिमीटरांचे शेवाळ म्हणजे पाच मीटरांचे झाड, आणि ते पुरेसे आहे. दोन्ही प्रतिकृतींपुढे मुलांनी पाट्या ठेवल्या : एकीवर ‘२,००० स १’, दुसरीवर ‘२२ स १’. मोठ्या गडावर एकही मनुष्याकृती नाही. तेथे माणूस मिलिमीटराहूनही लहान भरतो.

पाहुणे आले, आणि त्यांनी गणित तपासले नाही, हे खरे. पण प्रत्येक जण प्रथम त्या कड्यापाशी थबके, नंतर वाकून मोठ्या चौकटीत तो कडा कोठे आहे ते शोधी, आणि तांदळाएवढा तो कडा सापडला की मान वर करून काही क्षण सबंध डोंगराकडे पाहत राही. एवढा डोंगर काळोखात चढून आल्यावर तो कडा चढावयाचा होता, ही गोष्ट तेथे कोणास समजावून सांगावी लागली नाही. पराक्रमाला अतिशयोक्तीची गरज नसते. त्याचे खरे माप दिले म्हणजे पुरते. ज्या घरी यंदा किल्ला होणार असेल, तेथील वडील माणसांस आमची एवढीच विनंती आहे, की मुलांच्या हाती माती देण्यापूर्वी एक नकाशा आणि एक पट्टी द्यावी, आणि एक दिवस काढून त्यांना त्या गडावर न्यावे.